नेपाळात काय शिकवलं, किती पैसे मिळाले आणि उचलीच्या कागदाचा विषय

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबलीय, आधीच सांगतो. सवडीनं वाचा, पण अर्धी वाचून कमेंट करू नका.

परवा स्टँडवरच्या हॉटेलात चहा पीत होतो. एक ओळखीचा, माझ्याच वयाचा गडी चारचौघांत हसत म्हणाला, "काय मास्तर, नेपाळात किती डॉलर भेटले?" मीही हसलो. युसूफ वडगावात असल्या बोलण्यावर रागवायचं ठरवलं तर माणसाला दुसरा धंदाच उरणार नाही. पण त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या वस्तीतली एक सून घरी आली. मी लिहून दिलेला उचलीचा कागद तिनं ओट्यावर ठेवला. म्हणाली, "मास्तर, हा राहू द्या तुमच्यापाशीच. मुकादम म्हणतोय बायबलवाल्याच्या कागदावर सही करत नसतो मी. मालक म्हणतेत, लाखाची उचल हातची जाईल." एवढं बोलून गेली. बसली पण नाही.

तेव्हा माझं हसू गेलं. म्हणून हे लिहितोय. डॉलरचा हिशोब देतो, तिथं काय शिकवलं ते सांगतो, आणि हा कागद माझ्या डोक्यात कुठून आला तेही सांगतो. कारण मुकादमाचं एक म्हणणं खरं आहे. कागद बायबलच्या वर्गातूनच आलाय. फक्त त्याला वाटतं तसा नाही.

आधी पैसे, म्हणजे बऱ्याच जणांचं वाचून होईल. २०२३ आणि २०२४ अशी दोन वर्षं, पावसाळ्याचे तीन-तीन महिने, मी नेपाळात बुटवलजवळच्या एका लहानशा ख्रिस्ती प्रशिक्षण शाळेत शिकवायला होतो. मानधन महिन्याला १२,००० रुपये. नेपाळी. आपला १ रुपया म्हणजे त्यांचा १ रुपया ६० पैसे, हा दर १९९३ पासून तसाच आहे. म्हणजे आपले झाले साडेसात हजार. राहायला पत्र्याची खोली, दोन वेळ डाळभात. प्रवासखर्च माझा. दोन्ही खेपांचे मिळून ४५,००० आले, त्यातले ११,००० गाडीभाड्यात गेले. हे पैसे तिथल्याच मंडळ्यांच्या वर्गणीतले. (आमच्यात चर्चच्या लोकांना मंडळीच म्हणतात, त्यामुळे मी पोस्टच्या सुरुवातीला 'नमस्कार मंडळी' म्हटलं की काही जणांना त्यातही धर्मप्रचार दिसतो. आता काय करायचं?) डॉलर मी आजवर फोटोतच पाहिलाय.

नवीन जोडल्या गेलेल्यांसाठी माझी थोडी माहिती. आईबाप ऊसतोडीला जायचे, मी आज्जीपाशी राहून शिकलो. डीएड केलं, बावीस वर्षं विनाअनुदानित शाळेत मास्तरकी केली. पगाराचं विचारू नका. घरात दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. मधल्या काळात पोस्टानं बायबलचा अभ्यासक्रम केला, नंतर पुण्याला राहून रीतसर शिकलो. त्या ओळखीतून नेपाळचं बोलावणं आलं. मी पाळक नाही. मास्तरच आहे.

आणि मराठी माणसानं या कामासाठी समुद्र ओलांडायचं काही नवीन नाही. आपल्या मराठवाड्यातच जालन्याजवळ बेथेल म्हणून वस्ती आहे. निजामाच्या काळात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी ती वसवली. जन्मानं ब्राह्मण, मुंबईत ख्रिस्ती झालेले. १८७३ साली ते न्यूयॉर्कला परिषदेत बोलायला गेले होते. पंडिता रमाबाई १८८३ ला इंग्लंडला गेल्या, चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या. तिथं या बाईनं पुरुषांना शिकवावं का, यावरून बिशप लोकांनी हरकत घेतली. बाईंनी ऐकून घेतलं नाही. धर्माच्या बाबतीतही सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रांतून वाद चालूच असायचा, मला पटल्याशिवाय मी मानणार नाही असा. पुढं केडगावला बसून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सगळं बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत आणलं. मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनीच ते छापलं. पूर्ण ग्रंथ निघाला १९२४ ला. बाई दोन वर्षं आधीच, १९२२ ला गेल्या होत्या.

पण त्याच रमाबाईंच्या पुण्याच्या शारदा सदनातून १८९३ मध्ये पालकांनी आपापल्या मुली काढून नेल्या. मुलींना ख्रिस्ती करतात असा बोभाटा झाला. खरं सांगायचं तर ती शंका अगदी हवेतून आलेली नव्हती, काही मुली बाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसत होत्या. हे मी मुद्दाम लिहितोय. कारण माझ्यावर शंका घेणारे सगळे वाईट लोक आहेत असं मला म्हणायचंच नाही. आमच्यातही प्रार्थनेनं साखर बरी होते म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या बंद करायला लावणारे आहेत. त्यांच्याशी माझी भांडणं झालीत, वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा विचारा. जरूर विचारा. फक्त विचारल्यावर उत्तर ऐकून घ्या.

तर, नेपाळ. एसटीनं अहिल्यानगर, तिथून मनमाड, मनमाडहून गोरखपूरची गाडी, गोरखपूरहून बसनं सुनौली. (तेव्हा बीडला रेल्वे नव्हती. ती २०२५ ला १७ सप्टेंबरला आली. माझ्या बापानं लहानपणापासून ऐकलेली रेल्वे!) सुनौलीला एका कमानीखालून चालत गेलं की परदेश. पासपोर्ट लागत नाही, मतदान कार्ड पुरतं. खिशातल्या पाचशेच्या नोटा मात्र तिथं चालत नव्हत्या, शंभराच्याच चालायच्या. मी पाचशेच्या घेऊन गेलो होतो. पहिल्याच दिवशी उधारीनं चहा.

शाळा म्हणजे काय, तर चार खोल्या, एक पत्र्याचं शेड, मागं भाजीचा वाफा. पहिल्या वर्षी १९ विद्यार्थी. रोल्पा, पाल्पा, गुल्मी असल्या डोंगरी जिल्ह्यांतली पोरं, काही तराईतले थारू, तीन बायका. मगर समाजाचे बरेच, आणि कामी, दमाई म्हणजे त्यांच्याकडचे लोहार, शिंपी, ज्यांना तिथं दलित म्हणतात. देश बदलला तरी वर्गात कोण कुठं बसतं त्यावरून मला पहिल्या दिवशीच बरंच कळलं. सहा महिन्यांचा कोर्स. माझ्याकडं जुना करार.

पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन कायदा सांगितला. नेपाळच्या २०१५ च्या घटनेच्या कलम २६ मध्येच लिहिलंय की कुणी कुणाचं धर्मांतर करायचं नाही. फौजदारी कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर. म्हणून वर्गात जे आधीपासून विश्वासणारे आहेत त्यांनाच शिकवायचं. बाजारात पुस्तक वाटायचं नाही, शेजारी चहाला आला तर पिकापाण्याचं बोलायचं. मी ते तंतोतंत पाळलं. 'तिकडं जाऊन लोक बाटवून आला' म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. तिथं बाटवायला गेलो असतो तर अजून तिथंच आत असतो.

लिपी आपलीच, देवनागरी. त्यामुळं वाचता सगळं येतं आणि कळत मात्र अर्धंच. त्यांच्याकडं शिक्षा म्हणजे शिक्षण. शाळेच्या पाटीवर तो शब्द वाचून मी मनात म्हटलं, वा, बावीस वर्षं विनाअनुदानित भोगली ती हीच. उलट एकदा मी आपल्या बायबलच्या पुस्तकांची नावं फळ्यावर लिहीत होतो. आपल्याकडं पाचव्या पुस्तकाला 'अनुवाद' म्हणतात, त्यांच्याकडं 'व्यवस्था'. एक पोरगं उठून म्हणालं, सर, कशाचा अनुवाद? मला नीट सांगता येईना. मी नुसता पाठ केलेला शब्द. त्यांचा 'व्यवस्था' जास्त बरा आहे असं माझं मत झालं, कारण त्या पुस्तकात खरंच व्यवस्थाच लावलीय. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या, मग तो तुमचा भाऊ असो की बाहेरून आलेला परका असो, त्याचा जीव त्या पैशावर टांगलेला आहे. कापणी करताना एखादी पेंढी शेतात विसरली तर ती आणायला परत जाऊ नका, ती परक्याची, अनाथाची आणि विधवेची.

हे शिकवताना मला आज्जी आठवायची. आईबाप तोडीला गेले की मी आणि आज्जी भुईमुगाच्या, ज्वारीच्या रानात सरवा वेचायला जायचो. मराठी बायबलात रूथ नावाची बाई बवाजाच्या शेतात सरवाच वेचते. तोच शब्द. पुण्यात शिकताना शहरी पोरांना 'सरवा' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं होतं. मला नाही लागलं. बुटवलच्या पोरांनाही नाही लागलं.

रूथची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बेथलेहेमात दुष्काळ पडतो. एक कुटुंब पोट भरायला मवाब देशात जातं. दहाएक वर्षांत नवरा जातो, दोन्ही पोरं जातात. सासू नामी रिकाम्या हातानं गावाकडं निघते, आणि मवाबी सून रूथ तिला सोडत नाही. हे सगळं पहिल्या पानावरच होतं. मी वर्गात ते भरभर वाचून पुढं निघालो, कारण पुण्यात आम्हाला तसंच शिकवलं होतं, मुख्य गोष्ट पुढं आहे म्हणून. वर्गातली एक बाई, तिशीची असेल, हात वर करून म्हणाली, "सर, जरा थांबा ना. आमचं गाव या पहिल्या पानावरच आहे."

मग त्या दिवशी पुढचं पान उलटलंच नाही. प्रत्येकजण सांगत होता. कुणाचा भाऊ कतारला, कुणाचा बाप मलेशियात फॅक्टरीत, कुणाचा चुलता पुण्यात वॉचमन. गावात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. नेपाळच्या एकूण उत्पन्नाचा जवळपास चौथा हिस्सा बाहेर गेलेल्या लोकांनी पाठवलेल्या पैशातून येतो. आणि काठमांडूच्या विमानतळावर पेट्या येतात, माणसांच्या. त्या बाईचा नवरा तसाच पेटीत आला होता. मलेशियाहून.

मी माझंही सांगितलं. आमच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आसपास कसे लाखो लोक कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक कोयता कसा मोजतात. गाव कसं रिकामं होतं. एवढे आपल्याच देशात जातात तर दुःख कसलं, असं एकाला वाटलं. मग उचल समजावली. आगाऊ पैसा घ्यायचा, सहा महिने तोडून फेडायचा, नाही फिटला तर अंगावर राहतो, पुढच्या वर्षी पुन्हा जायचं. ते पोरगं गप्प झालं. म्हणालं, हे तर आमच्या दलालासारखंच झालं.

आता कागदाचं.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात ३२ व्या अध्यायात एक जमीनखरेदी आहे. यरुशलेमला शत्रूचा वेढा पडलाय, स्वतः यिर्मया कैदेत आहे, आणि तो अनाथोथ गावातलं चुलतभावाचं शेत १७ शेकेल चांदीला विकत घेतो. पैसे साक्षीदारांसमोर तोलतो. खरेदीखत करतो, त्याच्या दोन प्रती. एक मोहोरबंद, एक उघडी. दोन्ही मातीच्या मडक्यात घालून ठेवायला लावतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. मी यावर आशा वगैरे शिकवायला गेलो होतो, तशी टिपणं काढून. मला प्रश्न आला, दोन प्रती कशाला? मी सांगितलं, उघडी रोज बघायला, बंद केलेली वाद झाला तर फोडायला. म्हणजे मधल्या मधे कुणी आकडा बदलू नये.

दुसऱ्या दिवशी ती बाई एक प्लास्टिकची फाईल घेऊन आली. नवऱ्याची श्रम स्वीकृती, म्हणजे परदेशी कामाला जायचा सरकारी परवाना. विम्याचा कागद. कंपनीचा करार. नेपाळात २००७ चा वैदेशिक रोजगार कायदा आहे. त्यात परवाना, जायच्या आधी दोन दिवसांचं प्रशिक्षण, विमा, कल्याण निधी असं सगळं येतं. नवऱ्याचा परवाना चालू होता म्हणून तिला निधीचे आणि विम्याचे पैसे मिळाले, त्यावर पोरं शाळेत आहेत. तिच्याच गावातल्या दुसऱ्या एकीच्या नवऱ्याचा परवाना संपलेला होता. तिला काही नाही. मरण एकसारखं, कागद वेगळा.

तिथं सगळं छान चालतं असं समजू नका. २०१५ पासून आखातात आणि मलेशियाला जाणाऱ्याचं तिकीट आणि व्हिसा मालकानं द्यायचा असा नियम आहे, तरी दलाल लाख-दीड लाख काढतातच. करारात एक काम, तिथं गेल्यावर दुसरं. आणि भारतात येणाऱ्याला यातलं काहीच लागू नाही, सरहद्द उघडी आहे म्हणून. पुण्यातला तो वॉचमन चुलता मेला तर कुणाकडं मागायचं? हा प्रश्न त्यांचाच पोरगा विचारत होता.

मग ती बाई फाईल पिशवीत ठेवता ठेवता मला म्हणाली, "सर, तुमच्याकडं ऊस तोडायला जाताना कागद कोण करतं?"

मी म्हटलं, मुकादमाच्या डायरीत लिहिलेलं असतं.

"आणि दुसरी प्रत?"

मंडळी, बावीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलोय. असा गप्प कधी झालो नव्हतो.

कारण ती डायरी मी वाचलीय. १९८४-८५ चा हंगाम. मी सातवीत होतो, सुट्टीत आईबापाकडं फडावर गेलो होतो. बापाच्या पायाला कोयता लागला, जखम चिघळली, बरेच दिवस कोपीत पडून. आईनं चुलत्याबरोबर मोळ्या वाहिल्या. पट्टा पडला, हिशोब झाला, तर २,००० च्या उचलीतले ११०० अंगावर. बापाला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, आणि मला तेव्हा जे दिसेल ते मोठ्यानं वाचायची खोड होती. मी मुकादमाच्या हातातली डायरी वाचली. ज्या चार दिवशी कारखानाच बंद होता त्या दिवसांचेसुद्धा खाडे लावले होते. मी तसं बोललो. मुकादमानं डायरी मिटली आणि बापाला म्हणाला, "पोराला शाळेत घातलं ते उलटं बोलायला का?" बापानं मला मारलं. त्याच्यासमोरच मारलं. त्या वर्षी गाय विकली. पुढच्या दिवाळीला दोघं पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत गेले. बाप त्या मारण्याबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही, पण मी डीएडला लागलो तेव्हा स्टँडवर येऊन उगीच माझी पिशवी हातात धरून उभा राहिला.

हे मी बुटवलच्या वर्गात सांगितलं. घरी बायकोलाही एवढं सविस्तर सांगितलेलं नव्हतं.

तर २०२३ ला परत आल्यावर मी एक कागद तयार केला. एका पानाचा. त्यात काय आहे ते इथं जाहीर लिहितो, म्हणजे त्यात येशूचं नाव कुठं आहे ते शोधता येईल. नवऱ्याचं नाव आणि बायकोचं नाव. हो, दोघांचं. कोयता दोघांचा, घाम दोघांचा, आणि उचलीवर अंगठा एकट्या नवऱ्याचा, हे मला कधीच कळलेलं नाही. उचल किती, कोणत्या तारखेला, रोख की खात्यात. कारखाना कोणता. टनाला दर किती, कारण २०२४ च्या जानेवारीत ३४ टक्के दरवाढ ठरली आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना आपल्याला किती मिळतात हे हंगाम संपल्यावर कळलं. खाडा कधी धरायचा आणि कधी नाही. आजारपण, बाळंतपण, अपघात झाला तर खर्च कुणाचा. शेवटचा हिशोब कोणत्या तारखेपर्यंत. खाली दोघांच्या सह्या, मुकादमाची सही, दोन साक्षीदार. आणि दोन प्रती. यिर्मयाकडून घेतलं असेल तर एवढंच.

यात मी काही जगावेगळं मागत नाही. परराज्यात मजूर नेणाऱ्या ठेकेदारानं परवाना घ्यावा, मजुराला पासबुक द्यावं, असा कायदा आपल्या देशात १९७९ पासून २०२५ पर्यंत होता. कर्नाटकात तोडीला गेलेल्या आपल्या गावातल्या कुणाकडं ते पासबुक असेल तर मला दाखवा, मी चहा पाजतो. गोपीनाथ मुंडे साहेबांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झालंय, कारखान्यांकडून टनामागं १० रुपये त्यासाठी घ्यायचं ठरलंय, ग्रामसेवकाकडून ओळखपत्रं मिळतात. ती काढा. पोरांसाठी भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं आहेत, तिथं घाला. पण ओळखपत्रावर तुम्ही कोण हे लिहिलंय, तुमचं मुकादमाशी काय ठरलं ते नाही. ते कुठंच नाही. डायरीत आहे, आणि डायरी त्याच्या खिशात.

मुकादमांचीही एक बाजू आहे, ती न सांगणं बरोबर नाही. कारखाना त्यांना पैसा देतो, ते टोळीला वाटतात, टोळीतला एखादा दोन-दोन मुकादमांकडून उचल घेऊन गायब होतो. मग मुकादम कर्जात. असे बुडालेले, गाव सोडून गेलेले मुकादम मी पाहिलेत. कागद त्यांच्याही कामाचा आहे, कोर्टात डायरीपेक्षा हा बरा टिकेल. दोन मुकादमांना हे पटलं, त्यांनी गेल्या वर्षी स्वतःहून सह्या केल्या. नावं लिहीत नाही, त्यांना त्रास नको.

गेल्या वर्षी एकूण ११ जोडप्यांनी कागद केला. त्यातल्या एकीला फडावर असतानाच सातव्या महिन्यात दवाखान्यात न्यावं लागलं, आणि हिशोबाच्या वेळी तो खर्च कागदाप्रमाणं कापला गेला नाही. एवढीच एक गोष्ट घडली. पण ती वस्तीत पसरली. यंदा सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन गेलं, रानं खरवडली, त्यामुळं जे दोन वर्षं तोडीला गेले नव्हते तेही उचल घेतायत. यंदा कागदाला जास्त लोक आले असते. नेमकं तेव्हाच 'बायबलवाला' सुरू झालं. पूर्वी कुणी म्हणत नव्हतं. मी इथं तीस वर्षं ख्रिस्तीच आहे, गणपतीची वर्गणी देतो, हरिनाम सप्ताहाच्या पंगतीत वाढायला असतो. कागदात बायकोचं नाव आणि खाड्याचा नियम आला, आणि मग माझा धर्म आठवला.

नेपाळला यंदा गेलो नाही. सप्टेंबरात तिथं काय झालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच, संसद जळाली, सरकार गेलं. वर्गातल्या पोरांचे मेसेज येत होते, सगळी सुखरूप आहेत. रोल्पाचा एकजण आता स्वतःच मलेशियाला निघालाय. बायबलचा कोर्स केला म्हणून पोट भरत नाही, हे आम्ही वर्गात पण बोलायचो. त्यानं मला त्याच्या कराराचा फोटो पाठवलाय. खाली लिहिलंय, सर, दुसरी प्रत आईकडं ठेवलीय.

त्या सुनेनं परत आणून दिलेला कागद माझ्याकडं आहे. फाडलेला नाही. तिनं सही करायला शिकली होती त्यासाठी, आठ दिवस पाटीवर गिरवत होती. मुकादमाची जागा तेवढी रिकामी आहे.

बऱ्याच टोळ्या लक्ष्मीपूजन झालं की निघतील. माझ्या हातचा कागद नको असेल तर नमुन्याचा फोटो खाली टाकलाय. कुणाच्याही हातचा लिहून घ्या, मारुतीच्या पारावर बसून लिहा, वर 'श्री' लिहा, माझी काही हरकत नाही. ज्यांना माझ्याकडूनच लिहून घ्यायचाय त्यांच्यासाठी सोमवारपासून तीन दिवस संध्याकाळी सहानंतर मी ओट्यावर आहे. कार्बन पेपर आणून ठेवलाय. आधारची झेरॉक्स आणा. बायकोची पण.